इरलं अजून खुंटीवर आहे

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, सव्वीस वर्षांची आहे, नोकरीसाठी रोज बसने बेळगावला येते. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढचं सगळं शिक्षण कन्नडमधून. गेल्या वर्षी रोपलावण उरकली आणि म्हाताऱ्या पावसात तिचे वडील, अण्णा, गेले. त्यानंतर तिने वहीत चाळीसेक कविता लिहिल्या. सगळ्या पावसाच्या, शिवाराच्या, डोंगराच्या. अण्णांवर एकही नाही. त्यांच्यावर लिहायला बसलं की पाऊसच येतो. जवळच्या एका साहित्य संमेलनात तिने दोन कविता वाचल्या. एक ज्येष्ठ म्हणाले, ‘वर्णन छान आहे, पण भावना कुठे आहे?’ दुसरे म्हणाले, ‘सीमाभागातल्या पोरीने फुलापानांवर लिहून कसं चालेल? आपल्या वेदनेवर लिही.’ भावाचं म्हणणं, यमक-बिमक आता कोणी लिहीत नाही. तिचे प्रश्न असे: मी निसर्गाच्या आड लपते आहे का? निसर्गकविता सोडून द्यावी का? माझं मराठी कच्चं आहे, त्याचा अडसर होतो का? आणि पैसे भरले तर संग्रह काढून देणारे एक प्रकाशक भेटले आहेत, त्यांना होकार द्यावा का?

तू पत्राची सुरुवात ‘बाई’ अशी केली आहेस. ही हाक मी शाळेत आयुष्यभर ऐकली, म्हणून मीही तुला ‘तू’च म्हणते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकते. एवढ्यात होकार देऊ नकोस. चाळीस कविता एका वर्षात झाल्या आहेत आणि ते वर्ष अजून तुझ्या अंगावर ओलं आहे. संग्रह कुठे पळून जात नाही. ते पैसे घरात ठेव.

आता कवितांकडे येऊ. पत्रासोबत पाठवलेल्या दोन्ही कविता मी तीनदा वाचल्या. पत्रही तीनदा वाचलं. तुझं पत्र तुझ्या कवितांपेक्षा चांगलं आहे. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नकोस, कारण तुला पुढे जायचा रस्ता तिथेच आहे.

पहिल्या कवितेत धरणी हिरवा शालू नेसून नवरी झाली आहे, दवाचे मोती आहेत, आभाळ ढसाढसा रडतं आहे. दुसरीत भातशेती वाऱ्यावर डोलते आणि शेवटच्या कडव्यात ‘तसेच माझे मन’ असं येतं. आणि पत्रात? पत्रात तिसऱ्या पानावर, समासात, दुसरंच काही सांगता सांगता तू लिहून गेलीस: ‘गोठ्यातल्या खुंटीवर इरलं आहे अजून. काढायला हात धजत नाही. आत कुंभारणीने मातीचं घर केलंय.’ पावसात शेतात वाकताना डोक्यावरून पाठीवर घ्यायचं ते बांबूचं-पानांचं इरलं, आणि त्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

तू विचारतेस, मी निसर्गाच्या आड लपते आहे का. तू लपते आहेस खरी, पण निसर्गाच्या आड नाही. शालू, मोती, नवरी या इतरांनी शेकडो वेळा वापरून गुळगुळीत केलेल्या शब्दांच्या आड लपते आहेस. हिरवा शालू बसच्या खिडकीतून दिसतो. जी बाई गुडघाभर चिखलात वाकून रोप लावते, तिला हिरवं दिसत नाही, पाणी दिसतं. लावण झाल्या दिवशी वाफा हिरवा नसतोच. तो आरशासारखा असतो, त्यात आभाळ असतं आणि त्या आभाळात बारीक काड्या उभ्या असतात. तरव्यातून उपटलेलं रोप पहिले काही दिवस पिवळं पडतं, माना टाकतं, आणि मग कधीतरी जीव धरतं. हे तुला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत आहे. मग ते कवितेत का नाही? मला वाटतं, तुला ते ‘काव्यमय’ वाटलं नाही. पाठ्यपुस्तकातल्या निसर्गापुढे स्वतःच्या बांधावरचा निसर्ग तुला किरकोळ वाटला.

ज्या ज्येष्ठांनी ‘भावना कुठे आहे’ असं विचारलं, त्यांना काहीतरी कमी आहे हे बरोबर जाणवलं. पण तू त्यांचा प्रश्न चुकीच्या बाजूने घेतलास. तुला वाटलं, भावना म्हणजे ‘दुःख’, ‘विरह’, ‘आठवण’, ‘अश्रू’ हे शब्द, आणि ते घातले की भावना येईल. ‘तसेच माझे मन’ ही ओळ त्यातूनच आली. आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच्या काव्यशास्त्राने नेमकं याच्या उलट सांगून ठेवलं आहे. अकराव्या शतकातला काश्मीरचा मम्मट ‘काव्यप्रकाशा’त रसाचे दोष मोजतो, तेव्हा भावाचं किंवा रसाचं नुसतं नाव घेऊन टाकणं हा पहिलाच दोष म्हणून देतो. ‘मी दुःखी आहे’ असं म्हटल्याने ऐकणाऱ्याला बातमी मिळते, दुःख होत नाही. दुःख व्हायला त्याला ते इरलं दिसावं लागतं.

याच मम्मटाने उदाहरणादाखल घेतलेली एक गाथा सांगते, कारण ती आपल्या घरची आहे. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त सातशे गाथा आहेत आणि त्यांची भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. त्यातल्या एका गाथेत एक बाई कोणाला तरी म्हणते: बघ, कमळाच्या पानावर बगळी कशी निश्चल, जराही न हलता बसली आहे, पाचूच्या निर्मळ ताटात शंख ठेवावा तशी. संपली गाथा. हे निसर्गवर्णन झालं ना? पण ती बगळी न हलता का बसली आहे, याचा विचार कर. तिला भीती नाही. भीती नाही, म्हणजे आसपास माणूस नाही. माणूस नाही, म्हणजे ही जागा एकांताची आहे. बाई आपल्या प्रियकराला भेटीची जागा सांगते आहे. प्रेमाचा एक शब्द नाही, भेटीचा नाही, बोलावणं नाही. सगळं त्या बगळीच्या न हलण्यात आहे. याला आपले जुने लोक ध्वनी म्हणत. आनंदवर्धनाने नवव्या शतकात त्यावर ‘ध्वन्यालोक’ हा अख्खा ग्रंथ लिहिला.

तुमच्या शेतात चिखल करताना औताच्या मागे बगळे चालतात. अण्णा होते तेव्हा ते किती जवळ यायचे? आता भाऊ औत धरतो, तेव्हा येतात का? मला उत्तर माहीत नाही. तुला माहीत आहे. ‘अण्णांची आठवण येते’ या ओळीपेक्षा त्या उत्तरात अण्णा जास्त असतील.

दुसरं उदाहरण तू शाळेत पाठ केलेलं असेल: बालकवींचा ‘औदुंबर’. आठच ओळी आहेत. वही काढून त्यातले रंग तेवढे लिही. निळासावळा झरा, हिरवळ, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, मग काळा डोह. उजेडातून निघालेली नजर त्या पांढऱ्या वाटेने चालत काळ्या पाण्याशी जाऊन थांबते आणि तिथे एक झाड पाय पाण्यात सोडून बसलेलं दिसतं. आठ ओळींत ‘मी’ नाही, ‘दुःख’ नाही, ‘मन’ नाही. तरी वाचून झाल्यावर आपण उगीच गप्प होतो. झाडाला माणसासारखं वागवणं म्हणजे चेतनगुणोक्ती, हे तू परीक्षेत लिहिलं असशील. तुझं ‘आभाळ ढसाढसा रडतं’ हीसुद्धा चेतनगुणोक्तीच आहे. मग फरक कशाने पडतो? पाय पाण्यात सोडून बसणं ही एक नेमकी बसण्याची तऱ्हा आहे, डोळ्यांनी बघून टिपलेली. ती एकट्या, थकलेल्या किंवा तंद्रीतल्या माणसाची आहे आणि औदुंबराची मुळं खरोखरच तशी पाण्यात उतरलेली असतात. आभाळ रडतं हे कोणी बघितलेलं नाही, ते फक्त ऐकलेलं आहे.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. तू लिहितेस, अण्णा गेले त्या साली पाऊस वेळेवर झाला आणि इंद्रायणी भाताचं पीक कधी नव्हे इतकं चांगलं आलं, आणि त्याची तुला लाज वाटली. मग वहीतल्या कवितेत तू पावसाला रडायला लावलंस. का? तुला वाटलं, अण्णांसाठी शिवाराने रडायला हवं होतं. शिवार रडलं नाही. ते पिकलं. ज्या माणसाने आयुष्यभर पिकाचीच वाट बघितली, त्याच्या मागे पीक उत्तम आलं आणि ते बघायला तो नव्हता. यापेक्षा मोठं दुःख कुठल्या रडणाऱ्या आभाळात आहे? निसर्ग आपल्या भावनेला साथ देतो, हे कवितेतलं एक सत्य. तो देत नाही, हे दुसरं, आणि पुष्कळदा जास्त खरं. पीक चांगलं आलं, ते तसंच लिही. लाज वाटली, तेही लिहायला हरकत नाही. पावसाला मात्र खोटं बोलायला लावू नकोस.

तुझ्या भाषेकडे वळते. तू मराठीबद्दल माफी मागितली आहेस आणि त्याच पत्रात ‘म्हाताऱ्या पावसात’ असं सहज लिहून गेली आहेस. शहरातल्या किती जणांना हे कळेल? पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनांचा. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी कवितेचा एकही वर्ग केला नव्हता. पण कोसळणारा पाऊस तरणा आणि रेंगाळत, कुरकुरत पडणारा म्हातारा, हे त्यांनी बघितलं. निसर्ग एकीकडे आणि भावना दुसरीकडे, अशी वाटणी त्यांनी कधी केलीच नाही. तुझे अण्णा म्हाताऱ्या पावसात गेले, या पाच शब्दांत नक्षत्र आहे, वय आहे, शेतीची वेळ आहे आणि मरण आहे. शुद्धलेखन कोणीही तपासून देईल, ऱ्हस्वदीर्घ मी स्वतः तपासून देईन. हे पाच शब्द तुला कोणी देऊ शकणार नाही.

कन्नड शाळेचीही लाज बाळगू नकोस. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलणारे. लिहिलं कन्नडमध्ये, 1973 साली ज्ञानपीठ मिळालं. अक्का, अण्णा हे शब्द कोणत्या बाजूचे, हे आपण घरात कुठे विचारत बसतो? एखादी वस्तू तुझ्या घरी कन्नड नावाने ओळखली जात असेल तर ती त्याच नावाने कवितेत येऊ दे. फक्त कंसात अर्थ देऊ नकोस, ओळ अशी लिही की अर्थ आपोआप उमगेल.

सीमाभागाच्या वेदनेवर लिही म्हणणाऱ्या काकांबद्दल मनात राग ठेवू नकोस. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने आखली गेली, त्यानंतर त्यांच्या पिढीने आपली उमेदीची वर्षं या प्रश्नात घातली. त्यांना वाटतं, कवितेने त्यात हात द्यावा. पण वेदना ही विषय म्हणून निवडता येते, हे त्यांचं गृहीतक मला पटत नाही. तू लिहिलं आहेस की अण्णांच्या मागे वारसा लावायला तू तलाठ्याकडे गेलीस, अर्ज कन्नडमध्ये भरलास, कारण घरात तेवढं कन्नड तुलाच येतं, आणि नवा उतारा आला तेव्हा आईने विचारलं, ‘ह्यात त्यांचं नाव कुठं होतं ते दाखव की.’ आईला ते वाचता येत नव्हतं. तू बोट ठेवून दाखवलंस. बाळ, ही सीमाभागाची कविता आहे. यात घोषणा नाही, पण एका बाईला आपल्या नवऱ्याचं नाव वाचता येत नाही आणि मुलगी ते बोटाने दाखवते आहे. ती जेव्हा आपणहून लिहावीशी वाटेल तेव्हा लिही. संमेलनाला हवी म्हणून नको.

आणि शिवाराबद्दल लिहिणं म्हणजे दुःखापासून पळणं, असं वाटत असेल तर आपल्याच गावच्या इंदिरा संतांकडे बघ. 1946 साली त्यांचे पती ना. मा. संत गेले. बेळगावात राहून, नोकरी करून, मुलं वाढवून त्या लिहीत राहिल्या, आणि 1951 साली ‘शेला’ हा संग्रह आला. पाऊस, अंगण, रात्र, घरातल्या लहानसहान वस्तू हेच त्यांच्या कवितेत येत राहिलं आणि प्रत्येक वेळी गेलेलं माणूस त्यात होतं. सार्वजनिक वाचनालयात त्यांचे संग्रह मिळतील. बसची वाट बघण्याऐवजी आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे घालव. मात्र एका बैठकीत पुस्तक संपवू नकोस. एक कविता घे, ती वहीत हाताने उतरव आणि त्यात कोणकोणत्या वस्तू आहेत, एवढंच खाली लिहून काढ. भावना शोधू नकोस, वस्तू शोध.

यमकाबद्दल भाऊ अर्धवट बरोबर आहे. यमक जुळवण्यासाठी तू ‘हिरवाई’ला ‘नवलाई’ आणलीस, तिथे कविता पडली. पण छंद म्हणजे यमक नव्हे. तुझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणते ना? अष्टाक्षरी तुझ्या कानात लहानपणापासून आहे. पुरावा देते. तुझं ते समासातलं वाक्य घे आणि अक्षरं मोज. ‘गोठ्यातल्या खुंटीवर’, आठ. ‘इरलं आहे अजून’, आठ. तू मोजलं नव्हतंस, तरी आठ-आठ पडलं. पुढे ‘काढायला हात धजत नाही’, इथे अकरा होतात, छंद मोडतो. आणि तो मोडतो कुठे बघ: जिथे तुझा हात थांबतो तिथेच. हे मला आयुष्यभर शिकवूनही सुचलं नसतं. ती ओळ आठात बसवायला जाऊ नकोस. मोडकीच ठेव. मुक्तछंद हवा की छंद, या वादात पडण्यापेक्षा आधी स्वतःचं वाक्य मोठ्याने म्हणून बघ आणि श्वास कुठे अडतो ते ऐक.

आता लगेच करण्याजोगं काही सांगते. तुझ्यासारखीच पत्रं निपाणीकडून येतात, वडगाव-शहापूरकडूनही येतात, त्यांनीही हे करून बघावं. आठवडाभर कविता लिहूच नकोस. रोज रात्री पाच वाक्यं साध्या गद्यात लिही, त्या दिवशी डोळ्यांनी बघितलेली. त्यात ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘रम्य’ नकोत. मन, आठवण, दुःख, अश्रू नकोत. ‘जणू’ आणि ‘सारखा’सुद्धा नकोत. झाड असेल तर त्याचं नाव हवं. नुसतं ‘फूल’ नको, तेरडा हवा. निपाणीच्या वाचकाने तंबाखूचा खाट नाकात कसा जातो ते लिहावं, शहापूरच्या वाचकाने माग बंद पडल्यावर गल्ली कशी ऐकू येते ते. आठवड्याने पस्तीस वाक्यं होतील. त्यातली तीस टाकून देण्यासारखी असतील. उरलेली पाच एकाखाली एक लिहून बघ, त्यांच्या मधे ‘म्हणून’, ‘तसेच’ असे सांधे घालू नकोस. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टी वाचणारा स्वतः जोडतो आणि त्याने जोडलं की ते त्याचं होतं.

जुन्या कवितांपैकी दुसरी वाचवता येईल. तिचं शेवटचं कडवं काढून टाक. सगळंच. त्याऐवजी ते पिवळं पडलेलं रोप आण आणि तिथेच थांब. रोपाला एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलंय, ते अजून सावरलेलं नाही, एवढं वाचणाऱ्याला दिसलं की ‘तसेच माझे मन’ सांगायची गरज उरत नाही. पहिली कविता मात्र मी राखली नसती. वहीत राहू दे, फाडू नकोस.

पुन्हा संमेलनात वाचायचं असेल तर जरूर वाच. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, आपल्याकडे गावोगावी माणसं मांडव घालून कविता ऐकायला बसतात, हे भाग्य सगळ्यांना नसतं. पण तिथे टाळीची घाई असते आणि तुझ्या कवितेला टाळी मिळणार नाही. ऐकणारे थोडा वेळ गप्प बसतील. त्या गप्प बसण्याला घाबरून पुढची ओळ घाईने वाचू नकोस.

इरलं काढायचं की नाही, हे तू मला विचारलेलं नाहीस, तरी पत्रभर तेच विचारते आहेस असं मला वाटलं. ते मी सांगू शकत नाही. घरात आईशी बोल. भावाला यंदा लावणीला ते हवं असेल कदाचित, आणि तो विचारायला कचरत असेल.

पुढच्या पत्रात कविता पाठवू नकोस. अण्णा दुपारी बांधावर बसून काय खायचे, इरलं डोक्यावरून उतरवताना कोणत्या हाताने उतरवायचे, पावसाला कोणत्या नावाने शिव्या द्यायचे, तेवढं लिहून पाठव. आणि कुंभारीण अजून त्या घरात आहे की गेली, तेही कळव.